हेडफोनमधली आयरिश बाई

इंग्लंडमधल्या रीडिंगच्या आमच्या मराठी मंडळात मी कार्यकारिणीवर कधीच नव्हतो, पण माझ्याशिवाय एकही कार्यक्रम व्हायचा नाही. मी फार मोठा माणूस होतो असं नाही. मंडळाचा मिक्सर, दोन स्पीकर, चार माइक आणि वायरींनी भरलेला एक निळा क्रेट आमच्या जिन्याखालच्या कपाटात राहायचा, आणि कुठली वायर कुठे खुपसायची ते फक्त मला माहीत होतं. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. पुण्या-मुंबईहून आयटीवाल्यांची कुटुंबं सारखी येत होती. त्यांतल्या निम्म्यांना गाता यायचं, निदान त्यांची तशी समजूत होती.

त्या सगळ्यांना एको लागायचा. गायला उभा राहिलेला माणूस माइकवर दोन टिचक्या मारायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, जरा एको द्या. आरतीला एको, भावगीताला एको. एकदा तर सेक्रेटरींनी वार्षिक अहवाल वाचायच्या आधीही मागितला. मीही सढळ हाताने द्यायचो. मिक्सरवरचं ते बटण उजवीकडे फिरवलं की गाणाऱ्याचा प्रत्येक शब्द हॉलभर दोन-तीनदा फिरून यायचा. चुकलेला सूर पुढच्या सुराखाली झाकला जायचा, दम कुठे तुटला ते कुणाला कळायचं नाही. गाणारे खूश, त्यांचे नातेवाईक खूश, आणि कार्यक्रमानंतर माझ्या पाठीवर थाप.

एको न लागणारं माणूस मंडळात एकच होतं, माझी बायको. पुण्यात अकरा वर्षं ती एका बाईंकडे गाणं शिकली होती. बाई फार कडक. आवाज मोकळा लावायचा, श्वास कुठे घेतला ते समोरच्याला कळता कामा नये, आणि माइक ही आळशी लोकांची सोय आहे, असं त्यांचं मत. त्यांच्या शिष्येचा आवाज शाळेच्या हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत आपल्या पायांनी चालत जायचा. तिचं एक ठरलेलं भावगीत होतं. शेवटच्या कडव्यात ते एकदम वर जायचं आणि तिथे ती थांबायची, लोक टाळ्या वाजवायचे, मग ती सावकाश खाली यायची. लोक मला 'त्या गातात ना, त्यांचे मिस्टर' म्हणून ओळखायचे. मला त्याचं अजिबात वाईट वाटायचं नाही. खरं सांगायचं तर मी ते मिरवायचो.

मग तिच्या गळ्याला गाठ आली. थायरॉईडची. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं की आवाजाची नस तिथूनच जाते, आम्ही जपून करू, पण कधीकधी दुखावते. तिने सही केली. मीही शेजारी बसून मान हलवली. खरी भीती आवाजाची नव्हतीच. गाठ कसली निघते याच्या भीतीने आम्ही दोघं तीन आठवडे नीट जेवलो नव्हतो.

गाठ साधी निघाली. पुण्याहून दोन्हीकडच्या आईवडिलांचे फोन आले, सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. पेढे इथे मिळत नाहीत म्हणून मी ऑफिसात डोनट वाटले. आणि महिन्याभराने तिने तंबोऱ्याचं मशीन लावून सा लावला तेव्हा आवाज मध्येच फाटला. थोडं वर गेलं की सुराऐवजी नुसती हवा यायची. हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपिस्टने व्यायाम दिले, ते तिने इमानेइतबारे केले. बोलण्याचा आवाज बराचसा परत आला. गाण्याचा आला नाही.

त्याबद्दल आम्ही बोललो नाही. गाठ साधी निघालेल्या माणसाने आवाजाची तक्रार कुठल्या तोंडाने करायची? मी 'येईल हळूहळू' म्हणायचो, ती 'हो' म्हणायची. एके दिवशी तिने तंबोऱ्याचं मशीन खोक्यात घालून कपाटावर ठेवलं, पेटीवर जुनी चादर टाकली, आणि तो विषय आमच्या घरातून उठला.

मंडळात मात्र लोक विचारायचे. त्यांना उत्तरं द्यायचं काम मी स्वतःकडे घेतलं. आधी मी विश्रांती सांगितली, मग सर्दी, मग डॉक्टरांची परवानगी. त्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे तीस वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलांत भूल द्यायला आलेले आणि आता निवृत्त झालेले डॉक्टर, मंडळात सगळ्यांचे काका. ते म्हणाले, दोन तरी गाणी हवीत बरं का. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, या वर्षी नको काका, ती दमलेली असते. फोन ठेवून वळलो तर ती किचनच्या दारात उभी होती.

"मला विचारलं का नाहीस?"

तुला त्रास नको म्हणून, असं मी म्हणालो. मला ते त्या वेळी खरंच खरं वाटत होतं. ती परत आत गेली आणि पास्ता गाळायला लागली.

मी तेव्हा ऑफिसला एका आयरिश माणसाबरोबर जायचो. एम फोर मोटरवेवरून अर्धा तास. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. तो आयर्लंडच्या दक्षिणेकडचा, पन्नाशीचा, माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरणारा. माझ्या गाडीत माझी गाणी लागायची आणि ती तो तक्रार न करता ऐकायचा. एकदा त्याने विचारलं होतं की तुमच्या सगळ्या गायिका एखाद्या मोठ्या बाथरूममध्ये उभ्या राहून गातात का. मी हसलो नाही.

त्या शरदात त्याच्या गाडीत एकच सीडी होती. एक आयरिश गायिका, वयाने चाळिशीच्या पुढची, जुनी ब्लूज आणि जॅझची गाणी. पहिले दोन दिवस मला काही ऐकूच आलं नाही. मोटरवेचा आवाज मोठा आणि तिचा लहान. मी व्हॉल्यूम वाढवला, त्याने तो परत कमी केला. तिसऱ्या दिवशी मी साऊंडवाला माणूस या नात्याने माझं मत दिलं. एको शून्य. माइक इतका जवळ की ओठ उघडल्याचंही ऐकू येतंय. ड्रमवाला काठ्यांऐवजी ब्रशने नुसतं झाडल्यासारखं करतोय. आणि बाई गातेय की कुणाच्या कानात काही सांगतेय तेच कळत नाही.

तो म्हणाला, कानातच सांगतेय. मग त्याने बरंच काही सांगितलं, जे त्याच्या बाबतीत क्वचितच घडायचं. वीसेक वर्षांपूर्वी त्याने तिला त्याच्या गावच्या पबमध्ये ऐकलं होतं. तेव्हा बारमधला सगळा गोंगाट फाडून जाईल असा तिचा आवाज होता आणि ती तो वापरायचीही तसाच. आता वय झालंय, सिगारेटी झाल्यात, आयुष्य झालंय. या अल्बमसाठी ती चार वादकांना घेऊन एका छोट्या खोलीत बसली आणि एवढंच गायली.

"तेव्हा ती आम्हाला गप्प करण्यासाठी गायची," तो म्हणाला. "आता ती आपण गप्प होईपर्यंत थांबते."

उतरताना त्याने सीडी काढून माझ्या हातात दिली. घरी ने, बसून ऐक, हेडफोन लाव, आणि चुका काढू नकोस, एवढी ताकीद दिली. मी अर्थातच चुका काढण्यासाठीच नेली.

शनिवारी दुपारी मिक्सरबरोबरचे मोठे हेडफोन लावून, कागद-पेन घेऊन बसलो. पहिल्या गाण्यात खुर्ची करकरली, ते लिहिलं. दुसऱ्यात एका ओळीच्या आधी तिने भला मोठा श्वास घेतला होता आणि तो तसाच ठेवला होता, तेही लिहिलं. तिसऱ्या गाण्यात मागे फक्त डबल बास होता, मोठ्या जाड तारांचा, आणि ती कुणाला तरी जा म्हणत होती. शब्द अगदी साधे होते, तेवढं इंग्रजी मला येतं. पण 'जा' म्हणायच्या आधी ती क्षणभर थांबायची, आणि त्या थांबण्यात तिला त्या माणसाने जायला नको होतं हे स्वच्छ कळायचं. माझ्या कागदावर तिसऱ्या गाण्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. चौथ्या गाण्याला बायको समोर उभी होती आणि काय ऐकतोयस असं खुणेने विचारत होती.

मी हेडफोन तिच्याकडे दिले आणि म्हणालो, तुला नाही आवडणार.

तिने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, हेडफोन लावले, आणि मला पहिल्यापासून लावायला सांगितलं. अख्खा अल्बम तिने जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ऐकला. मी समोर बसून तिच्याकडे बघत होतो, कारण दुसरं काही करायला सुचत नव्हतं. मध्येच तिचे ओठ हलायचे, मध्येच ती मान तिरपी करायची, जशी पूर्वी बाईंच्या कॅसेट ऐकताना करायची. ऑपरेशननंतर मी तिला गाणं ऐकताना पाहिलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं.

हेडफोन काढून ती म्हणाली की हिच्या बाई कोण असतील. गाणं आवडलं की तिचा पहिला प्रश्न हाच असतो, समोर कुणीही असो. मग म्हणाली, श्वास सगळा ऐकू येतोय. मी तत्परतेने म्हणालो, रेकॉर्डिंग खराब आहे.

"नाही रे. ती ऐकवतेय."

सीडी परत जायचं नाव काढेना. गाडीत मी दर सोमवारी कबूल करायचो की अजून घरी आहे, आणि आयरिश म्हणायचा की राहू दे. त्याने स्वतःसाठी दुसरी आणली. मी ऑफिसातून आलो की चादर पेटीवरच असायची, पण घडी वेगळी असायची. एका शनिवारी तिने मला विचारलं की तिची पट्टी किती खाली नेता येईल. तिची पट्टी काळी चार. मी म्हणालो, काळी दोन? तिने मानेनेच नाही म्हटलं आणि त्याहूनही खालची पांढरी दोन दाबून दाखवली. ती पुरुषांची पट्टी. मी तसं म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, असू दे. आणि त्याच आठवड्यात तिने क्रेटमधला एक माइक आणि जुना छोटा ॲम्प्लिफायर मागितला. बाईंची शिष्या आणि माइक मागतेय. मी काही न विचारता काढून दिला, कारण मला उत्तराची भीती वाटत होती.

उत्तर आलंच. ऑक्टोबर संपत आला होता. जेवताना तिने सांगितलं की तिने काकांना फोन केला आहे, दिवाळीच्या कार्यक्रमात ती एक गाणं गाणार आहे, तिचं तेच गाणं, आणि तबल्याला डेंटिस्टला विचारून झालं आहे. आमच्याकडे बरा तबला वाजवणारा एकच माणूस होता आणि तो दातांचा डॉक्टर होता. सगळं ठरवून झालं होतं, मला फक्त कळवण्यात येत होतं. गणपतीच्या वेळी मी जे केलं त्याची ही परतफेड होती आणि मला ती पुरती कळली.

तरी मी भांडलो. त्या गाण्यात वरची जागा आहे, सगळ्या लोकांना ती पाठ आहे, ती आली नाही तर काय होईल? निदान दुसरं गाणं घे. निदान पुढच्या वर्षी घे. लोकांनी तुझं गाणं ऐकलेलं आहे गं, ते आता हे ऐकून काय म्हणतील? ती शांतपणे कोशिंबीर वाढत होती आणि तिच्या शांतपणामुळे माझा आवाज चढत होता.

"लोक तुझी कीव करतील," मी शेवटी म्हणालो.

"लोक एक दिवस करतील," ती म्हणाली. "तू रोज करतोस."

पुढचा आठवडा आम्ही दुधाची बाटली आणि रिसायकलिंगचा डबा यापलीकडे बोललो नाही. मी तिचं म्हणणं कबूल केलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी मी एक योजना आखली. ती मिक्सरसमोर नसणार, मी असणार. तिच्या माइकला भरपूर एको द्यायचा, पेटी आणि तबल्याचा आवाज थोडा वर उचलायचा, म्हणजे आवाज फाटला तरी कुणाला कळणार नाही. मी इतकी वर्षं जगाच्या चुका झाकत होतो, मग बायकोच्या का नाही? मी हे प्रेमाने करत होतो. अजूनही मला तसंच वाटतं आणि त्यामुळेच त्याची जास्त लाज वाटते.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी दोनपासून. नेहमीसारखा तीनला सुरू झाला. लहान मुलींचे नाच झाले, एका गृहस्थांनी कविता वाचल्या, आणि चहाच्या आधी अध्यक्षांनी तिचं नाव घेतलं. टाळ्या जोरात पडल्या. वर्षभर ती गायली नव्हती, लोकांना खरंच आनंद झाला होता. मागे पोरं पळत होती, कॅन्टीनमधून पावभाजीचा वास येत होता. ती स्टेजवर सतरंजीवर पेटी घेऊन बसली, माइकचा स्टँड स्वतः वाकवला आणि माइक पार ओठांशी आणला. इतका जवळ कुणी घेत नाही.

तिने पहिली ओळ सुरू केली. मी एकोचं बटण फिरवलं, पेटी वर उचलली, आणि स्पीकरमधून एक गोल, मऊ, आमच्या मंडळातला ओळखीचा आवाज यायला लागला. मी सुटकेचा श्वास टाकला. तिने दुसरी ओळ अर्ध्यावर थांबवली. पेटीवरचा हात उचलला आणि थेट माझ्याकडे बघितलं.

"एको काढ."

तो 'काढ' हॉलभर तीन वेळा फिरला. लोक हसले. नवरा-बायकोची गंमत चालली आहे असं त्यांना वाटलं असणार. मीही हसल्यासारखं केलं आणि बटण थोडं मागे घेतलं. तिने माइकमध्ये एक हुंकार दिला, ऐकला, आणि तशीच बसून राहिली. तबलजी तिच्याकडे आणि माझ्याकडे बघत होता. अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले.

"सगळा काढ. आणि पेटी खाली घे."

मी सगळा काढला. पेटी खाली घेतली. आता हॉलमध्ये तिचा आवाज तसाच्या तसा उघडा येणार होता आणि त्याला वाचवायला माझ्याकडे काहीही उरलं नव्हतं.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. खाली, पुरुषांच्या पट्टीत, बोलण्याच्या किंचित वर. मागच्या रांगांना सुरुवातीला ऐकूच गेलं नाही. एक बाई मोठ्याने म्हणाल्या, आवाज वाढवा. मी हात लावला नाही. कुणीतरी मुलांना शू केलं. मला हेडफोनमधून सगळं ऐकू येत होतं. प्रत्येक ओळीच्या आधीचा श्वास, काही अक्षरांत मिसळलेली हवा, एका जागी सूर निसटला आणि तिने तो शोधत परत आणला, तेही. अकरा वर्षं जो श्वास लपवायला ती शिकली होती तो ती आता लोकांसमोर ठेवत होती. दुसऱ्या कडव्यात तिला दम पुरला नाही. तिने ओळ तोडली, थांबली, आणि उरलेली अर्धी ओळ घाई न करता म्हटली.

शेवटच्या कडव्यातली वरची जागा आली. सगळ्यांना ती पाठ होती, काही लोक पुढे सरकून बसले होते. ती वर गेलीच नाही. तिने तिथे नुसता एक मोठा श्वास घेतला, आणि तेच शब्द खाली, अगदी खाली, जवळजवळ बोलून टाकले. त्या गाण्यात कुणीतरी गेलेल्या माणसाला हाक मारलेली आहे. मी ते गाणं शंभर वेळा ऐकलं असेल, पण आतापर्यंत मी त्या हाकेला फक्त दाद देत आलो होतो. आज मला पहिल्यांदा कळलं की ज्याला हाक मारली आहे तो येणार नाही.

टाळ्या पडल्या, पण पूर्वीसारख्या नाहीत. त्या उशिरा सुरू झाल्या आणि लवकर संपल्या, कारण चहा लागला होता. उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही. एक बाई तिला जाऊन म्हणाल्या की आवाज बसलाय गं तुझा, हळद-दूध घेत जा. दोघं-तिघं तिचा हात हातात घेऊन दाबून गेले. अध्यक्ष काका माझ्याकडे आले आणि नुसताच चष्मा पुसत निघून गेले.

कार्यक्रम संपला, सगळे जेवायला कॅन्टीनमध्ये गेले, आणि मी नेहमीप्रमाणे रिकाम्या हॉलमध्ये वायरी गुंडाळत बसलो. ती आली आणि स्टेजच्या कडेला पाय सोडून बसली.

"आता सांग, कसं झालं?"

आमच्या मंडळात या प्रश्नाचं एकच उत्तर असतं, मस्त. मीही वायर गुंडाळता गुंडाळता तेच दिलं. ती माझ्याकडे बघत राहिली. आणि मग माझ्याच्याने पुढे गुंडाळवेना. मी वायर खाली ठेवली. सांगितलं की दुसऱ्या कडव्यात दम कमी पडला. शेवट झाला तेव्हा मला हलता येत नव्हतं. आणि मला तिच्या आवाजाची लाज वाटत होती, लोकांचं नाव मी उगाच पुढे करत होतो. एवढं बोलल्यावर जे उरलं होतं तेही तोंडातून निघून गेलं.

"मला तुझा आधीचा आवाज हवाय. मला त्याची रोज आठवण येते."

हे बोलल्यावर मला वाटलं, आता ही उठून जाणार. इतकं धैर्य करून गायलेल्या बाईला कुणी असं सांगतं का?

"मलाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, हे कुणी म्हणणारच नाही."

मग ती रडली. ऑपरेशननंतरच्या तेरा महिन्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. गाठ साधी निघाली होती ना, सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं, मी डोनट वाटले होते. जो आवाज गेला त्याच्यासाठी कुणी तिच्याजवळ पाच मिनिटं बसलंसुद्धा नव्हतं, मीही नाही. मी जाऊन तिच्या शेजारी बसलो आणि आम्ही दोघं बराच वेळ रडलो. पलीकडे ताटल्या वाजत होत्या आणि कुणीतरी आणखी पाव मागत होतं.

थोड्या वेळाने तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं की त्या आवाजात ती शेवटचं कधी गायली, आठवतंय का. मला आठवत होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी, खाली किचनमध्ये, भांडी विसळताना, हेच गाणं, हेच शेवटचं कडवं. ती वर जायला लागली होती आणि मी जिन्यावरून ओरडलो होतो की मी ऑफिसच्या फोनवर आहे, जरा हळू. ती तिथेच थांबली होती.

मी ते तिला सांगितलं. तिलाही ते आठवत होतं.